त्याची खूण, तिचा ठिपका

मला डोळ्यांना लावून पाहाल तर लख्ख उन्हातही बर्फ पडताना दिसेल. घाबरू नका. ती बुरशी आहे. काचांच्या आत शिरलेली, पांढरी, कापसाच्या तंतूंसारखी. दुरुस्तीवाल्यानं एकदा मला उघडून पाहिलं आणि तो म्हणाला, "आत फार खोल गेलीय, बाई. पुसायला गेलो तर काचच जाईल." तेव्हापासून मला कुणी उघडलेलं नाही. बाहेर ऋतू बदलतात. माझ्या आत मात्र एकच दिवस थांबला आहे.

मी दुर्बीण बोलतेय. डुलुथ बंदराच्या वरच्या टेकडीवर, टेक्लाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मी बसलेली असते. खाली कालवा दिसतो, कालव्यावरचा उचलता पूल दिसतो आणि पलीकडे सुपीरियर सरोवर. याला सरोवर म्हणायचं म्हणून म्हणायचं. पलीकडचा काठ मी आजवर पाहिलेला नाही, आणि दूरचं पाहणं हाच माझा धंदा आहे.

माझा जन्म लढाईच्या काळातला. एका लांबलचक कारखान्यात, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका आमच्या काचा घासत. माझ्या डाव्या काचेवर एकीनं शेवटची फुंकर मारली, फडकं फिरवलं आणि मला उजेडाकडे धरलं. मी पाहिलेला पहिला माणूस ती. तिचं नाव मला कळलं नाही. तिथून मी आरमारात गेले, दोन वर्षं खाऱ्या वाऱ्यात काढली, आणि लढाई संपल्यावर माझ्यासारख्या शेकडो जणींबरोबर एका खोक्यात येऊन पडले.

त्या ढिगातून मला अर्व्हो किवेलानं उचललं. हा हॉल्स्टन नावाच्या बोटीवर सुकाणू धरायचा. सातशे फुटांच्या लोखंडाच्या धडाला इथं कुणी जहाज म्हणत नाही. बोटच म्हणतात. बोटीत खनिज भरायचं, पाच-सहा दिवस खालच्या सरोवरांकडे जायचं, रिकामी करून परत यायचं. एप्रिलपासून बर्फ धरेपर्यंत हेच. अर्व्होच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. पोलादी दोरात कधीतरी सापडलं होतं म्हणे. त्यानं मला हातात घेतलं तेव्हा ती खाच माझ्या अंगाला पहिल्यांदा लागली. मी ती विसरलेले नाही.

त्यानं मला घरी आणून बायकोच्या पुढ्यात ठेवलं. बायको हेल्मी. बारीक अंगाची, कमी बोलणारी, आणि वहीत सगळं टिपून ठेवणारी.

"आता मी पुलाखाली यायच्या आधीच तुला दिसेन," अर्व्हो म्हणाला.

हेल्मीनं मला डोळ्यांना लावलं. "मला तर नुसतं धुकं दिसतंय."

"कडी फिरव. मी माझ्या डोळ्यांना लावलीत."

हे जरा सांगायला हवं, कारण माझी सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांना दोन वेगळी कडी आहेत. ज्यानं पाहायचं त्यानं ती आपापल्या नजरेप्रमाणे फिरवून घ्यायची. अर्व्होची नजर आणि हेल्मीची नजर यांत बरंच अंतर होतं. हिवाळ्यात बोटी बंद असत, अर्व्हो घरी असे, आणि दोघांत दिवसाला दहादा तरी खटका उडे.

"पुन्हा फिरवलीस?"

"मग काय तुझ्या डोळ्यांनी बघू?"

"बघ की. बरं दिसतं माझ्या डोळ्यांनी जग."

शेवटी अर्व्होनं खिशातला चाकू काढून दोन्ही कड्यांवर आपल्या जागी एकेक बारीक रेघ कोरली. हेल्मीनं त्याच्यावर ताण केला. नखांना लावायच्या लाल रंगाचा एकेक ठिपका आपल्या जागी दिला. "घे. आता भांडायला नको," ती म्हणाली. भांडण अर्थात चालूच राहिलं. ते त्यांना आवडायचं असं माझं मत आहे.

हेल्मीची वही बंदरात प्रसिद्ध होती. कोणती बोट, किती वाजता आली, वारा कुठला. शाईनं लिहायची, खाडाखोड करायची नाही, हा तिचा नेम. लिहिताना ती शब्द मोठ्यानं उच्चारी, म्हणून मला तारखा पाठ आहेत. कधीकधी खालच्या बंदराच्या कचेरीतून फोन यायचा, "हेल्मी, मंगळवारची ती बोट किती वाजता लागली गं? आमच्याकडे दोघं दोन वेळा सांगतायत." ती वही उघडायची, आणि ती सांगेल तीच वेळ धरली जायची.

बोट ओळखायची ती धुराड्याच्या रंगावरून. हॉल्स्टनचं धुराडं काळं, त्याच्यावर एक रुंद पांढरा पट्टा. तो पट्टा दिसला की हेल्मी मागच्या ओट्यावर जाऊन एक पांढरी चादर हलवायची. मग बोट भोंगा द्यायची, तीन लांब, दोन आखूड. पूल तसंच उत्तर द्यायचा. हेल्मी आत येऊन आधी वेळ लिहायची आणि मग कॉफीचं आधण ठेवायची.

या टेकडीवरच्या बायकांची एक रीत होती. नवरा बोटीवर गेला की त्याची एक वस्तू तो ठेवून गेला तशीच राहू द्यायची. तो परत येईपर्यंत हलवायची नाही. कुणी त्याचा कप धुवायची नाही, कुणी त्याच्या सपाता उंबऱ्यात वाकड्या पडलेल्या तशाच ठेवायची. टेक्ला म्हणजे अर्व्होची धाकटी बहीण, दोन घरं पलीकडे राहायची. तिचा नवरा आइनार हॉल्स्टनवरच, इंजिनाच्या खोलीत. ती आइनारची अर्धवट ओढलेली चिलीम खिडकीत तशीच राहू द्यायची.

हेल्मीनं राखली ती माझी कडी. अर्व्हो निघायच्या दिवशी सकाळी मला डोळ्यांना लावून सरोवर बघायचा आणि कडी आपल्या रेघेवर ठेवून जायचा. तो परत येईपर्यंत हेल्मी ती फिरवत नसे. त्याच्याच नजरेनं पाहायची. सगळं जरा विरघळलेलं दिसे, पण तिला सवय झाली होती. बोटीची ठेवण, नाकाकडच्या सुकाणूच्या खोलीची उंची, धुराड्याचा रंग, एवढं तिला पुरे.

"वहिनी, तू आंधळ्यासारखी बघतेस आणि कचेरीवाले तुला देव मानतात," टेक्ला हसायची.

"तू चिलीम धुतलीस का?"

"नाही."

"मग मला शिकवू नकोस."

आता त्या दिवसाचं सांगते. १९५३ सालचा नोव्हेंबर, तारीख अठरा, बुधवार. सकाळपासून ईशान्येचं वारं होतं आणि दुपारी बर्फ सुरू झाला. हॉल्स्टन चारच्या सुमारास यायची होती. दोन वाजल्यापासून तिचा बिनतारी संदेश बंद होता, पण अशा वाऱ्यात डोलकाठीवरच्या तारा तुटतात, कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. लाटा कालव्याच्या भिंतींवरून पलीकडे पडत होत्या. हेल्मी खिडकीशी उभी होती. ओव्हनमध्ये वेलचीचा पाव होता. त्याचा वास माझ्या चामड्याच्या पट्ट्याला अजून आहे असं मला वाटतं, पण ते खरं नसेल.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी बर्फाचा पडदा क्षणभर फाटला. कालव्याच्या तोंडाशी, मैलभर बाहेर, एक बोट होती. काळं धुराडं. पांढरा पट्टा. ती लाटांमध्ये आडवी होत होती. आत शिरणं जमेना, तसं तिनं नाक वळवलं आणि ती पुन्हा बर्फात गेली.

हेल्मी चादर घेऊन ओट्यावर धावली. मी तिच्या गळ्यात होते. वाऱ्यानं चादर तिच्या तोंडावर आपटत होती. भोंगा वाजला की नाही ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. आत येऊन तिनं लिहिलं, आणि लिहिताना उच्चारलं, "हॉल्स्टन. तीन चाळीस. तोंडाशी आली, परत फिरली." मग तिनं टेक्लाला फोन केला.

"आलेत गं. मी पाहिलं. आत येता येईना म्हणून फिरले. कुठंतरी आडोशाला थांबतील."

"पट्टा दिसला?"

"दिसला."

फोनमधून टेक्लाचा सुस्कारा मला इथपर्यंत ऐकू आला.

हॉल्स्टन कुठल्याच आडोशाला गेली नाही. दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला. शोधणाऱ्यांनी हेल्मीला विचारलं, आणि हेल्मीची वही ती वही. बोट इथवर आली होती, म्हणजे इथंच कुठंतरी. दोन दिवस त्यांनी बंदराच्या तोंडाशी पाणी चाळलं. सव्वीस माणसं होती. एक टोपीसुद्धा हाती लागली नाही.

तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. उत्तर किनाऱ्याच्या आडोशाला थांबलेल्या बोटी एकामागून एक येऊ लागल्या. हेल्मी झोपलेली नव्हती. तिनं मला उचललं. कडी अर्व्होच्याच रेघेवर होती. तो आला नव्हता, मग ती हलवणार कशी? कालव्याच्या तोंडाशी एक बोट आली. काळं धुराडं. पांढरा पट्टा.

माझ्या अंगावरची हेल्मीची बोटं अशी आवळली की मला वाटलं, मी मोडते. बोट जवळ आली. नुसत्या डोळ्यांनी नाव वाचता येऊ लागलं. व्हिटकॉम. दुसऱ्या कंपनीची. हिच्या धुराड्यावर दोन अरुंद पट्टे असतात, मध्ये हातभर काळी फट.

हेल्मीनं मला खाली घेतलं आणि माझी कडी फिरवली. सात वर्षांत बोटीच्या दिवसांत तिनं ती पहिल्यांदा फिरवली. लाल ठिपक्यावर आणून पाहिलं. दोन पट्टे. पुन्हा रेघेवर. फट विरघळली, एक पट्टा. पुन्हा ठिपक्यावर. दोन. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. पाव त्या दिवसापासून ओव्हनमध्येच होता.

संध्याकाळी व्हिटकॉमचा कप्तान खाली कचेरीत सांगत होता, की आम्हीही बुधवारी साडेतीन-चारला तोंडाशी येऊन परत फिरलो. लोक म्हणाले, काय दिवस होता पाहा, दोन बोटी पाठोपाठ आल्या आणि एकीलाही आत येता आलं नाही. कुणालाही शंका आली नाही. हेल्मीच्या वहीत चूक असेल हे कुणाच्या मनातच येणं शक्य नव्हतं. तिनंही ती ओळ खोडली नाही. तिचा नेमच होता ना तसा.

ती टेक्लाला सांगणार होती. मी पैजेवर सांगते, सांगणार होती. ती कोट घालून निघाली, मी गळ्यातच होते. टेक्ला खिडकीत बसली होती, मांडीवर ती चिलीम.

"वहिनी, मी एकच विचार करतेय," टेक्ला म्हणाली. "त्यांना घर दिसलं होतं. इथवर आले होते ना? आइनारला आपला धूर दिसला असेल. तू चादर हलवलीस, ती दिसली असेल. अनोळखी पाण्यात नाही गेले. दारात गेले."

हेल्मी दाराशीच उभी होती. कोटाचं एक बटण तिनं काढलं, परत लावलं.

"दिसली असेल," ती म्हणाली.

एवढंच. दोन शब्द. पण त्यांच्यावर टेक्लानं पुढची चाळीस वर्षं काढली.

दर अठरा नोव्हेंबरला दोघी कालव्याच्या भिंतीवर जात. देवदाराच्या फांद्यांचं कडं पाण्यात सोडत, आणि टेक्ला थर्मासमधली निम्मी कॉफी पाण्यात ओतायची. "साखर कमी आहे रे," असं आइनारला सांगायची. "इथंच कुठंतरी आहेत." हेल्मी पाण्याकडे न बघता पुलाकडे बघायची.

पाच वर्षांनी मिनियापोलिसचा एक शाळामास्तर टेक्लाला मागणी घालून गेला. भला माणूस. उन्हाळाभर येत होता, टेक्लाचं कुंपण दुरुस्त करून देत होता.

"काय सांगितलंस त्याला?" हेल्मीनं विचारलं.

"काय सांगणार. आइनार दारात आहे, त्याला टाकून मी कुठं जाऊ? लांब कुठं बुडाला असता तर गेलेही असते."

त्या दिवशी हेल्मीनं मला तीनदा उचललं आणि तीनदा खाली ठेवलं. पाहायला काहीच नव्हतं. एकही बोट येत नव्हती.

आता जे सांगते त्यावर तुम्ही विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही. व्हिटकॉम आली त्या दिवसानंतर हेल्मीनं माझी कडी कायमची लाल ठिपक्यावर ठेवली. पण पहिल्याच वसंतात, बोटी सुरू झाल्या त्या आठवड्यात, सकाळी तिनं मला उचललं तर सगळं धुकट. कडी रेघेवर होती.

तिला वाटलं टेक्ला असेल. "तू दुर्बिणीला हात लावलास?"

"मी कशाला लावू? माझी नजर धड आहे."

हेल्मीनं मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. दोन दिवसांनी काढलं. रेघेवर. कडी घट्ट व्हावीत म्हणून तिनं मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. बुरशी दिसली ती तेव्हाच. तो म्हणाला, "थंडीत वंगण आकसतं, कडी सरकतात." असेल. त्याला माझ्यासारख्या पुष्कळ जणी माहीत आहेत. पण वंगणाला बरोबर त्याच रेघेवर थांबायचं कसं कळतं, ते त्यानं सांगितलं नाही. आणि मला तो अंगठा ओळखू येतो. नख मधोमध दुभंगलेलं. गार, ओला, पण तोच.

हेल्मीला ती टोचणी वाटायची. सकाळी कडी पाहिली की ती हळूच म्हणायची, "माहीत आहे मला, अर्व्हो. बघ म्हणतोयस. बघतेच आहे." आणि कडी ठिपक्यावर आणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हिवाळ्यात, बोटी बंद झाल्या की, हे थांबायचं. अर्व्हो हिवाळ्यात घरीच असायचा ना.

बुरशी वाढत गेली. आधी कडेला, मग मध्याकडे. हेल्मी सत्तरी ओलांडेपर्यंत माझ्यातून दिसणारी प्रत्येक बोट बर्फातून येऊ लागली. तरीही तिनं दुसरी दुर्बीण घेतली नाही.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये काही तरुण माणसं यंत्रं घेऊन सरोवराचा तळ धुंडाळत होती. त्यांना हॉल्स्टन सापडली. तीस मैल पूर्वेला, आठशे फूट खाली, नाक घराकडे. ती कधी मागं फिरलीच नव्हती. जाणकारांनी सांगितलं, दोन वाजता संदेश तुटला तेव्हाच ती गेली. त्या पाण्यात नोव्हेंबरमध्ये माणूस दहा मिनिटं टिकत नाही. शोधायला कुणी कुठंही गेलं असतं तरी फरक पडला नसता.

ते शेवटचं वाक्य हेल्मीनं वर्तमानपत्रात चारदा वाचलं. चाळीस वर्षं ती सव्वीस माणसं छातीवर घेऊन जगली होती. ती सगळी त्या सकाळी उतरली असावीत. एक माणूस मात्र राहिलं, आणि ते बुडालेल्यांतलं नव्हतं. ते दोन घरं पलीकडे राहत होतं.

टेक्ला दुपारी आली. हातात तेच वर्तमानपत्र. तिनं डोक्याचा रुमालही सोडला नाही.

"वहिनी, दोन वाजता गेले म्हणतात. तू पाहिलंस तेव्हा तीन चाळीस झाले होते."

"हो."

"म्हणजे बुडून दीड तास होऊन गेला होता." टेक्ला खुर्चीच्या कडेला बसली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एक विचित्र उजेड होता. "म्हणजे गेल्यावरही ते इथवर आले. आपल्याला दिसून जावं म्हणून आले. तू पाहिलंस ते तेच, होय ना? सगळी टेकडी हेच म्हणतेय. सांग ना. ते आले होते असं म्हण."

हेल्मीला फक्त मान हलवायची होती. त्या खिडकीत माझी कडी रोज सकाळी आपोआप फिरत होती. भुतांवर विश्वास ठेवायला तिच्याइतकं कारण या बंदरात कुणाला नव्हतं. एकदा मान हलवली असती तर टेक्ला उरलेलं आयुष्य सुखानं काढती, आणि हेल्मीही.

"ती व्हिटकॉम होती, टेक्ला," हेल्मी म्हणाली.

"कोण?"

"दोन पट्टे. मला एक दिसला. मी कडी फिरवली नव्हती. अर्व्होची होती ना." तिनं मला टेबलावर ठेवलं. "तिसऱ्या दिवशी कळलं मला."

चुलीवर कॉफी उकळून उतू गेली, दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"कधी कळलं म्हणालीस?"

"तिसऱ्या दिवशी. त्याच आठवड्यात."

"मी तो मास्तर परत पाठवला."

"माहीत आहे."

"चाळीस वर्षं मी रिकाम्या पाण्यात कॉफी ओततेय."

"हो."

टेक्ला उठली. दारात थांबून, न वळता म्हणाली, "मघाशी खोटं बोलली असतीस तर चाललं असतं. ते त्या आठवड्यात नको होतं." आणि गेली.

दीड वर्ष ती आली नाही. त्या नोव्हेंबरला कालव्याच्या भिंतीवर कुणीच गेलं नाही. हेल्मी खिडकीतून टेक्लाच्या घराकडे बघायची. तेवढ्यासाठी माझी गरज नव्हती. वहीत ती बोटी लिहीत राहिली. अक्षर वाकडं होत गेलं. पुढच्या हिवाळ्यात, बंदर गोठलेलं असताना, ती गेली. सकाळी खुर्चीतच सापडली. मी तिच्या मांडीवर होते. माझी कडी लाल ठिपक्यावर होती, कारण तेव्हा हिवाळा होता.

तिनं एका चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं: दुर्बीण आणि वह्या टेक्लाला.

टेक्लानं मला तीन महिने पिशवीतून काढलं नाही. शेजारीण विचारायची, "काय दिलं गं वहिनीनं?" टेक्ला म्हणायची, "रद्दी." मग मार्चच्या शेवटी बंदरातला बर्फ फुटला आणि वर्षाची पहिली बोट येणार म्हणून सगळी टेकडी खिडक्यांत जमली. टेक्ला उठली, पिशवी उघडली आणि तिनं मला डोळ्यांना लावलं.

कडी हेल्मीच्या ठिपक्यावर होती. टेक्लाची नजर वेगळी. तिला काय दिसलं असेल ते मला ठाऊक आहे: बुरशीचा बर्फ, आणि त्यामागं एक काळसर आकार. बोट जवळ आली. धुराडं काळं. टेक्ला डोळे बारीक करून बघत राहिली.

"एक," ती म्हणाली. "एकच पट्टा आहे."

मग तिनं कडी सावकाश फिरवली, तिची तिची जागा सापडेपर्यंत. पट्टा फुटला. त्याचे दोन झाले, मध्ये काळी फट. व्हिटकॉम तर केव्हाच भंगारात गेली होती; ही तिच्याच कंपनीची नवी बोट होती.

टेक्लानं कडी परत ठिपक्यावर आणली. पुन्हा पाहिलं. एक. ती उतरत्या उन्हापर्यंत तशीच पाहत राहिली, दुसऱ्या बाईच्या नजरेनं. बोट केव्हाच पुलाखालून आत गेली होती.

मग तिनं हेल्मीची शेवटची वही काढली. हेल्मीच्या वाकड्या अक्षरांखाली, शाईनं, तिनं लिहिलं. ती मोठ्यानं उच्चारत नाही, पण लेखणी चालताना मला दिसत होती. तारीख. वेळ. वारा पश्चिमेचा. आणि खाली: एक पट्टा दिसला. दोन होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला उचललं आणि थबकली. डावं कडं अर्व्होच्या रेघेवर होतं. उजवं हेल्मीच्या ठिपक्यावर.

टेक्लानं मागं वळून पाहिलं. घरात तिच्याखेरीज कुणी नव्हतं. खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली होती, आणि ती हळूहळू विरत होती.

"झालं का तुमचं पुन्हा सुरू," ती म्हणाली. "बरं झालं. एकेक डोळा वाटून घेतलात."

तिनं स्वतःची खूण माझ्यावर केलेली नाही. कडी फिरवते, पाहते, आणि परत त्या दोघांच्या जागी ठेवते. या नोव्हेंबरला ती कालव्याच्या भिंतीवर गेली तेव्हा मी तिच्या गळ्यात होते. तिनं कॉफी ओतली नाही. पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली, तीस मैल लांबच्या पाण्याकडे, आणि थर्मासमधली कॉफी स्वतःच प्यायली. "साखर बरोबर आहे," एवढंच म्हणाली.

माझे आता थोडे दिवस राहिलेत. बुरशी मध्यावर भेटली की माझ्यातून काहीच दिसणार नाही. तोवर तुमच्यापैकी कुणी या खिडकीशी आलंच, तर मला जरूर उचला. फक्त पाहण्याआधी कडी तुमच्या डोळ्यांना लावून घ्या. आपल्या माणसाची वाट पाहत असाल तर जास्तच नीट लावून घ्या. आणि झाल्यावर ती होती तिथं परत ठेवा, डावं रेघेवर, उजवं ठिपक्यावर. विसरलात तरी चालेल. सकाळपर्यंत ती आपोआप जागेवर येतात.